वानगी दोन तासांची

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका जुन्या कापडाच्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक पाटी असे. पांढऱ्या पत्र्यावर तांबड्या अक्षरांत लिहिलेले होते : ‘एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.’ त्याखाली, बहुधा मालकांनीच, खडूने पुरवणी जोडली होती : ‘बदलूनही मिळणार नाही.’ माझ्या वडिलांचा या दुकानावर अतोनात विश्वास. ते म्हणत, जो आधी सांगतो तो फसवीत नाही. शिवाय त्याच दुकानात गादीवर बसून पंचवीस लुगडी उलगडून बघावयास पूर्ण मुभा होती. आईने तासभर पदर चाचपून पाहावेत, काठाचा रंग दारात नेऊन उजेडात बघावा आणि एकही न घेता उठावे. तरी मालक ‘या पुन्हा’ म्हणत. मंडईत तर याहून मौज. हापूसची फोड चाखायला मिळे आणि कलिंगडवाला कलिंगडाला चौकोनी छेद देऊन आतला गर लाल असल्याची खात्री पटवी. भुसारी दुकानदार आंबेमोहराची मूठभर वानगी कागदाच्या पुडीत बांधून देई. घरी शिजवून बघा, पसंत पडला तर पोते न्या!

वानगी हा शब्द आता घरात कुणाला ठाऊक नाही. आमच्या नातवाला तर नाहीच. त्याला ‘डेमो’ ठाऊक आहे, ‘फ्री ट्रायल’ ठाऊक आहे, आणि यंदाच्या गणपतीपासून ‘रिफंड’ही ठाऊक झाला आहे. या तिसऱ्या शब्दाची हकीगत सांगण्यासाठीच आज ओटीवर सतरंजी टाकली आहे. गेल्या दिवाळीत याच जागी आपण सोसायटीच्या लिफ्टविषयी बोललो होतो. ती लिफ्ट अजून बंदच आहे, तेव्हा त्या विषयाला आज हात घालत नाही.

तर त्याचे असे झाले. निनादला तेरा पुरी होऊन चौदावे लागले आहे. वाढदिवसाचे, भाऊबिजेचे आणि माझ्या खिशातून वेळोवेळी गळालेले असे त्याच्या डब्यात तीन हजारांवर रुपये जमले होते. ते त्याने मोजून बापाच्या हाती दिले आणि बापाने आपले कार्ड वापरून त्याला संगणकावरचा एक खेळ घेऊन दिला. किंमत 2,999 रुपये. आमच्या पहिल्या स्कूटरच्या हप्त्यांची आठवण होऊन मी फक्त आवंढा गिळला. खेळ घेतला म्हणजे घरी खोके वगैरे काही आले नाही. रात्रभर तो तारेतून उतरत होता आणि सकाळी पूर्ण उतरला.

आणि मग तो चालेना! चालेना म्हणजे अगदीच चालेना असे नव्हे. पडद्यावरचा योद्धा एक पाऊल टाकी, थांबे, विचार करी आणि मग दुसरे पाऊल टाकी. वयोमानाने माझे असेच होते, पण मी कुणाशी लढायला जात नाही. निनाद तासभर कसल्या कसल्या कळा फिरवीत बसला. रंग कमी कर, सावल्या काढून टाक, गवत काढून टाक. गवत आणि सावल्या गेल्यावर ते युद्ध उजाड माळावर सुरू झाले, तरी योद्ध्याची चाल काही सुधारली नाही. अमोल ऑफिसातून आला, त्याने दोन मिनिटांत निदान केले. हा लॅपटॉप त्याचा जुना, ऑफिसकामाचा. खेळाला लागणारे यंत्र निराळे असते. ते कसे हवे, हे खेळाच्या पानावर तळाशी लिहिलेलेही होते. पण पत्रिका न पाहता लग्न लागले होते.

पोराने जेवताना पोळीचा तुकडा मोडला नाही. मला त्याच्या पैशांपेक्षा त्या गप्प बसण्याची काळजी वाटली. आपली चूक झाली म्हणून मूल गप्प बसते, आणि दुकानदार नेमका याच गप्प बसण्यावर जगतो. रात्री मी चष्मा लावून त्याच्याशेजारी बसलो आणि म्हटले, “पाटी कुठे आहे ते दाखव.”

“कसली पाटी, आजोबा?”

“माल परत घेतला जाणार नाही, अशी. प्रत्येक दुकानात असते.”

शोधली. आणि वाचकहो, पाटी उलटी निघाली. खेळ ज्या दुकानातून घेतला त्याचे नाव स्टीम. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचे हे दुकान 2003 साली निघाले आणि संगणकावरच्या खेळांची ती आज मोठी पेठ आहे. 2015 च्या नोव्हेंबरपासून तेथे आपल्याला रुपयांत भाव दिसतात. त्यांचा नियम असा, की खेळ विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वेळ खेळला असेल, तर कोणत्याही कारणास्तव पैसे परत मागता येतात. यंत्रावर चालला नाही, चुकून घेतला, आवडला नाही, काहीही. घेतला आणि दुसऱ्या दिवशी सेल लागून स्वस्त झाला, तरी परत करून नव्या भावाने पुन्हा घ्यावा, यालाही त्यांची ना नाही. मंजुरी मिळाल्यावर आठवड्याच्या आत पैसे निघतात. कार्डावर हवेत की दुकानातल्याच आपल्या खात्यावर, ते आपण सांगायचे.

निनादच्या घड्याळात एक तास बारा मिनिटे लागली होती. येथे एक गोम आहे, ती घरोघरच्या बापांनी ध्यानात ठेवावी. हे घड्याळ खेळण्याचे नसून खेळ उघडा असण्याचे असते. खेळ उघडा ठेवून तुम्ही पूजेला बसलात, जेवलात, वामकुक्षी केलीत, तरी मीटर चालूच, थांबलेल्या रिक्षाप्रमाणे. शिवाय काही खेळ प्रसिद्धीच्या आधी चार दिवस जादा पैसे भरणाऱ्यांना खुले होतात. ते आगाऊ दिवस पूर्वी या दोन तासांत धरले जात नसत, 2024 च्या एप्रिलपासून तेही धरतात. काही हुशार लोकांनी त्या चार दिवसांत सबंध खेळ संपवून पैसे परत मागितले असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आम्ही अर्ज केला. चारच ओळींचा. पैसे यथावकाश कार्डावर आले, अमोलने ते पुन्हा मोजून निनादच्या डब्यात घातले आणि पोराचा चेहरा उजळला. सौ. मात्र हे सगळे ऐकून चाट पडली.

“म्हणजे लुगडं घरी आणायचं, दोन तास नेसून मिरवायचं, आणि नाही आवडलं म्हणून परत?”

“तसंच.”

“आणि तो दुकानदार घेतो?”

“घेतो.”

“मग त्याचं दुकान अजून चालतं कसं?” ती म्हणाली आणि आत गेली. या प्रश्नाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता कुणी म्हणेल, अमेरिकन दुकानदार मनाचा मोठा. तसे नाही. पहिली बारा वर्षे त्या दुकानातही आमच्या लक्ष्मी रस्त्याचीच पाटी होती. ती उतरवण्यामागे एकच कारण होते असे नाही, पण एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात ग्राहकांच्या हिताची काळजी वाहणारे सरकारी मंडळ आहे. 2014 च्या ऑगस्टमध्ये त्याने व्हॉल्व्हला कोर्टात खेचले. मुद्दा साधा होता. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने सदोष मालाचे पैसे परत मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे आणि तुम्ही त्याला ‘असा हक्क नाही’ असे सांगता, ही दिशाभूल आहे. कंपनीचे म्हणणे, आमचा धंदा तुमच्या देशात नाहीच, तेव्हा तुमचा कायदा आम्हाला लागत नाही. दुकान आभाळात असले की मालकाला असे सुचते. 2016 साली कोर्टाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला आणि तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली, तेथेही हरली. दरम्यान 2015 च्या जूनमध्ये तिने चौदा दिवस आणि दोन तासांचा नियम साऱ्या जगासाठी जाहीर करून टाकला होता.

सगळी दुकाने अशी नाहीत, हे मात्र नीट लक्षात घ्या. सोनीच्या प्लेस्टेशनवर चौदा दिवसांची मुदत आहे, पण खेळ उतरवून घेण्यास सुरुवात केलीत की हक्क संपला. आणि काही वेळा ते यंत्र आपणहूनच उतरवायला लागते! म्हणजे दुकानदाराने लुगडे पिशवीत घातले, त्याबरोबर ते तुमचे झाले. फोनवर गूगलच्या दुकानातून घेतलेल्या खेळासाठी अठ्ठेचाळीस तासांच्या आत मागणी करावी, त्यानंतर खेळ करणाऱ्याकडे दाद मागायची. ॲपल अर्ज मागवते आणि प्रकरण पाहून ठरवते. पोलंडमधल्या गॉग नावाच्या दुकानाची तर कमाल आहे. 2020 पासून ते तीस दिवसांच्या आत, खेळ उतरवून खेळला असला तरी पैसे परत देते. वर फक्त एवढेच विनवते, की आमच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नका. हे वाचून मला वडिलांची आठवण झाली. ते त्या दुकानात निश्चित गेले असते.

मोठे मासेही कधी गळाला लागतात. 2020 च्या डिसेंबरमध्ये ‘सायबरपंक 2077’ या बहुचर्चित खेळाची जुन्या प्लेस्टेशनवर इतकी दैना उडाली, की सोनीने आठवड्याच्या आत तो दुकानातून काढून टाकला आणि घेतलेल्यांना पूर्ण पैसे देऊ केले. सहा महिन्यांनी, दुरुस्ती झाल्यावर, तो पुन्हा मांडणीवर आला. परतीची सोय असली की माल शिजण्यापूर्वी वाढायची दुकानदाराला थोडी धास्ती राहते, हा तिचा खरा उपयोग. नाही तर कच्चा भात आणि ‘उद्या मीठ घालू’ असे आश्वासन.

पण वानगीची गोष्ट राहिली. अमोल शाळेत असताना, म्हणजे नव्वदीच्या मध्यावर, त्याच्या मित्राकडून एक फ्लॉपी घरी आली. तिच्यात ‘डूम’ नावाचा खेळ होता. अंधाऱ्या भुयारातून बंदूक घेऊन हिंडायचे आणि राक्षस मारायचे. आमच्या घरात चार दिवस संध्याकाळी दिव्याची वेळ झाली तरी शुभंकरोती ऐकू आली नाही. मला वाटले पोराने चोरीची वस्तू आणली. तो म्हणाला, “बाबा, ही चोरी नाही, त्यांनीच वाटायला सांगितलंय.” आणि ते खरे होते. ‘डूम’ 10 डिसेंबर 1993 रोजी निघाला तो तीन अंकी नाटकासारखा. पहिला अंक फुकट. ज्याला हवा त्याने घ्यावा, मित्राला द्यावा, मित्राने त्याच्या मित्राला. पुढचे दोन अंक हवे असतील तर कंपनीला पैसे पाठवावे. जाहिरातीचा खर्च पोरांच्या खिशातल्या फ्लॉपीने केला. अमोलने मात्र दुसरा अंक त्या वेळी पाहिला नाही. पुण्यातल्या शाळकरी मुलाने अमेरिकेला डॉलर पाठवायचे कसे, हे आमच्या बँकेतल्या साहेबांनाही धड सांगता आले नाही.

पुढे मासिकांबरोबर चकत्या येऊ लागल्या, एकीत आठदहा खेळांच्या वानग्या. कधी वानगीच मालापेक्षा मोठी झाली. 2001 साली कोनामी कंपनीने ‘झोन ऑफ द एंडर्स’ या खेळाबरोबर आपल्या ‘मेटल गिअर सॉलिड 2’ची वानगी जोडून दिली. पुष्कळांनी पहिला खेळ घेतला तो दुसऱ्याच्या वानगीसाठी. दाण्यासाठी पोते न घेता पुडीसाठी पोते घेतल्यातला प्रकार. आणि त्याच कंपनीने 2014 साली ‘पी. टी.’ नावाची एक भुताटकीची फुकट वानगी दिली. एका घरातला एकच बोळ, पुन्हा पुन्हा त्यातूनच जायचे. लोकांची झोप उडाली. पुढचा मोठा खेळ मात्र रद्द झाला आणि 2015 च्या एप्रिलमध्ये ती वानगीही दुकानातून काढून घेतली. ज्यांच्या यंत्रावर ती राहिली होती त्यांनी ती यंत्रे चढ्या भावाने विकायला काढली. पोते आलेच नाही, नुसती पुडी उरली, आणि पुडीचा लिलाव झाला!

मधल्या काळात वानग्या पुष्कळ कमी झाल्या होत्या, कारण चांगली वानगी करायला वेगळी मेहनत लागते, आणि वाईट वानगीने येणारे गिऱ्हाईक परत जाते. आता स्टीमवरच वर्षातून तीनदा वानग्यांची जत्रा भरते, ‘नेक्स्ट फेस्ट’ म्हणतात तिला. निनादला मी सांगून ठेवले आहे, की नवा खेळ घ्यायचा तर आधी ही जत्रा हिंडून ये. वानगी आपल्या लॅपटॉपवर चालली तर पुढची बोलणी.

फ्री ट्रायल हे प्रकरण मात्र वानगीसारखे दिसते पण वानगी नव्हे. आमच्या शेजारच्या काकूंचा अनुभव सांगतो. त्यांच्या नातवाने खेळांची एक वर्गणी घेतली. पहिला महिना फुकट, शेकड्याने खेळ, हवा तो खेळा. फक्त कार्डाचा नंबर द्यायचा. फुकट गोष्टीला कार्ड कशाला, हा प्रश्न काकूंना पडला होता, पण नातवापुढे अडाणी दिसायचे नाही म्हणून त्यांनी तो विचारला नाही. नातू सुट्टी संपवून नागपूरला गेला. वर्गणी येथेच राहिली. दरमहा 499 रुपये असे चार महिने कापले गेले तेव्हा पासबुक भरताना काकूंना शोध लागला. मी म्हटले, बँकेचा निरोप आला असेल की. आला होता. काकू बँकेचे सगळे निरोप न वाचता पुसतात, कारण एकदा त्यांना कोणी भामट्याने बँकेच्या नावाने निरोप धाडला होता. सावधपणाने गेले!

आपल्या रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2021 पासून असा नियम लावला आहे, की कार्डातून आपोआप वर्गणी कापायची तर निदान चोवीस तास आधी गिऱ्हाइकाला निरोप गेला पाहिजे आणि त्याला ती थांबवण्याची सोय दिली पाहिजे. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा कापणीला मात्र दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून तो निरोप हाच तुमचा शेवटचा भालदार. शिवाय 2023 च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा तऱ्हेच्या छुप्या युक्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वर्गणी घेणे सोपे आणि सोडणे अवघड करून ठेवायचे, ही त्यांतली एक. तक्रार करायची तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण सर्वांत स्वस्त उपाय सौ.ने काढला. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडते, त्याच शाईने तिने निनादच्या एका ट्रायलची शेवटची तारीख गोल केली आणि आदल्या दिवशी चौकट. चौकटीच्या दिवशी ती रद्द करून घेतल्याशिवाय पोराला चकली मिळाली नाही.

मुलांच्या बोटांना धरून पैसे काढणारे मोठे लोकही आहेत. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ खेळाच्या मालकांवर, एपिक गेम्सवर, तेथल्या सरकारी आयोगाने ठपका ठेवला की त्यांनी बटणे अशी मांडली, की एका चुकीच्या दाबाने पैसे कापले जावेत, आणि बँकेकडे तक्रार करणाऱ्याचे खाते बंद व्हावे. 2022 च्या डिसेंबरात कंपनीने खेळाडूंना परत देण्यासाठी 24 कोटी 50 लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. आकडा वाचून मी अमोलला म्हटले, घरातल्या फोनला पैसे देण्याआधी आकडी कुलूप लाव. त्याने लावले. कुलपाचा आकडा निनादला ठाऊक आहे, ही गोष्ट वेगळी.

आता सौ.च्या प्रश्नाकडे येतो.

नवरात्रात निनादने दुसरा खेळ घेतला. लहानसा, 449 रुपयांचा, जुन्या लॅपटॉपवर सुरेख चालणारा. एका बेटावरच्या दीपगृहाची गोष्ट होती. मीही मागे बसून पाहिली. चित्रे सुंदर, पाऊस तर असा की मी खिडकी लावायला उठलो. त्याने तो एका बैठकीत संपवला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तो डोळे चमकवीत.

“आजोबा, एक तास एकेचाळीस मिनिटं!”

“म्हणजे?”

“दोन तासांच्या आत संपला. रिफंड मागता येईल. वर्गातले सगळे तसंच करतात.”

मी काही बोललो नाही. मागच्या वेळी पाटी मीच वाचून दाखवली होती. नियमात बसते, हेही खरे. पण मला एकदम अप्पा बळवंत चौकातले एक दुकान आठवले. मी नववीत होतो. शाळा सुटल्यावर तेथे उभा राहून एक रहस्यकथा वाचत असे, रोज वीसपंचवीस पाने, खूण म्हणून बसचे तिकीट घालून. आठव्या दिवशी शेवटचे पान वाचून पुस्तक जागेवर ठेवले, तेव्हा दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाले, “संपलं का? खुनी कोण निघाला?” मी नाव सांगितले. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. मला वाचायला वेळ होत नाही, मला विकायचं असतं.” पुस्तकाची शिवण ढिली झाली होती आणि पाने फुगली होती. ते नवे म्हणून आता कुणाला विकता येणार नव्हते. त्यानंतर वर्षभर मी त्या फुटपाथने गेलो नाही.

ही गोष्ट मी निनादला सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, “पण आजोबा, खेळाची शिवण ढिली होत नाही. मी खेळलो तरी तो नवाच राहतो.”

वाचकहो, याला मला उत्तर सुचले नाही. खरेच की, दुकानदाराचे काय गेले? सौ. आतून ओरडली, “आणि तुम्ही दिवाळी अंक कुणाचे वाचता? समोरच्यांकडून आणता ना सगळे?” (संपादकमहाराज, हे वाक्य कृपा करून छापावे. हा अंक मी विकत घेतो, याची पावती हवी तर दाखवीन.)

दोन दिवस मी या प्रश्नाभोवती हिंडलो. मग अमोलनेच एक बातमी काढून दिली. एमिका गेम्स या नावाने खेळ करणाऱ्या एका कारागिराने 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले, की आपण आता हा उद्योग सोडत आहोत. त्याचा ‘समर ऑफ 58’ हा खेळ दोन तासांहून लहान होता. लोकांनी खेळला, चांगले अभिप्राय लिहिले आणि मोठ्या संख्येने पैसे परत घेतले. अभिप्राय चांगले आणि गल्ला रिकामा! दुसऱ्या खेळासाठी त्याच्याकडे पैसे उरले नाहीत. म्हणजे खेळाची शिवण ढिली होत नाही, पण करणाऱ्याची होते. आणि नियमाचा दोष असा, की तो घड्याळाने मोजतो. ऐंशी तासांचा रटाळ खेळ दोन तासांत कुणी संपवू शकत नाही म्हणून तो सुरक्षित. नेटकी लघुकथा लिहिणारा मात्र उघडा पडतो. कादंबरी विकत घ्यावी आणि कथा वाचून परत करावी, असा कायदा मराठीत असता तर आमच्या अर्ध्या लेखकांनी कादंबरीतच पाणी घातले असते. काहींनी तसेही घातले आहे.

मग मी निनादला पुण्याची गोष्ट सांगितली. नॉडिंग हेड्स गेम्स ही मंडळी येथलीच. त्यांचा ‘राजी’ हा खेळ 2020 साली निघाला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. भाऊबिजेला शोभणारीच कथा. त्या वर्षी जगातल्या मोठ्या पारितोषिकांत उत्तम पहिल्या खेळासाठी त्याचे नाव झळकले. पण त्याआधी, 2017 साली, लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता आणि काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकला. तोही खेळ काही ऐंशी तासांचा नव्हे, चारदोन संध्याकाळचा.

“फ्लॅट?” निनाद म्हणाला. “आपल्यासारखा?”

“असेल. मी पाहिला नाही.”

तो लॅपटॉप घेऊन गेला. थोड्या वेळाने माझ्याकडे आला. अर्जाचे पान उघडे होते. खेळाचे नाव, रक्कम, आणि खाली कारण लिहिण्यासाठी एक रिकामी चौकट.

“आजोबा, इथे काय लिहू?”

“खरं असेल ते लिही.”

त्याने टाइप केले. माझे इंग्रजी जुन्या मॅट्रिकच्या वळणाचे असले तरी तेवढे वाचता येते. खेळ फार आवडला, पूर्ण खेळलो, म्हणून पैसे परत हवेत, असे ते होते. त्याने ते स्वतःशीच एकदा वाचले. मग पुसले. ‘यंत्रावर चालत नाही’ असे लिहिले. तेही पुसले. मला म्हणाला, “तुम्ही जा ना जरा, मला लिहायला होत नाही तुम्ही बघत बसलात की.” मी उठून ओटीवर आलो. खाली सोसायटीत पोरे किल्ल्यासाठी माती कालवत होती. थोड्या वेळाने तोही चपला अडकवून त्यांच्यात गेला. हातात माझ्याच कपाटातला शिवाजीमहाराजांचा जुना पुतळा होता, न विचारता घेतलेला.

चौकटीत शेवटी काय लिहिले ते मी विचारले नाही. चौदा दिवस परवाच पुरे झाले. अमोल कार्डाचा हिशेब घेऊन बसला होता, तेव्हा मी सहज म्हटले, ते 449 आले का परत? तो म्हणाला, “नाही बाबा. यायचे होते का?”